ऑफिससाठी घेतलेले ८ मिनी पीसी, वर्ष झालं वापरून, कसे आहेत ते सांगते

मी जळगाव जिल्ह्यात एका तालुक्याच्या ठिकाणी राज्य सरकारच्या ऑफिसात लिपिक आहे, भांडार आणि खरेदी माझ्याकडे असते. २०२४-२५ च्या ग्रँटमधून आम्ही जेमवरून (सरकारी खरेदीचं ऑनलाईन पोर्टल) आठ मिनी पीसी, म्हणजे छोट्या डब्यातले कॉम्प्युटर, आणि आठ एलईडी मॉनिटर घेतले, आता वर्ष होऊन गेलं, त्यात एक अख्खा उन्हाळा आणि एक पावसाळा निघाला. कंपनीचं नाव टाकत नाही कारण याच साईजचे डबे तीन-चार कंपन्या देतात आणि आतला माल जवळपास सारखाच असतो. मला सांगायचंय ते वीज किती खातात त्याबद्दल, कारण खरेदी करताना हे कोणी बघतच नाही आणि मीसुद्धा आधीच्या दोन खरेद्यांत बघितलं नव्हतं.

घ्यायची वेळ का आली तर विंडोज टेनचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे माहीत होतं आणि आमच्या जुन्या टॉवरवर (उभ्या मोठ्या डब्याचे पीसी) विंडोज इलेव्हन चढत नव्हतं. मशीनं तशी चालत होती पण सकाळी चालू करून चहा पिऊन यायचं तोपर्यंत डेस्कटॉप दिसायचा, आणि आतली धूळ तर विचारू नका, आमच्याकडे मार्चपासून जे वारं सुटतं ते खिडकी बंद असली तरी आत येतंच.

खरेदीच्या आधी मी एक वॉट मीटर मागवला, साधा, सॉकेटमधे लावायचा आणि त्यात आपला प्लग लावायचा, की किती वॉट चाललेत ते दिसतं. सातशे-आठशे रुपयाला मिळतो, स्वतःच्या पैशातून घेतला कारण त्याची फाईल कोण चालवणार. जुन्या एका टॉवरला आणि मॉनिटरला लावला, वर्डमधे पत्र उघडं, बाकी काही नाही, आकडा आला ७८. दुसऱ्याला ८२. तिसऱ्याला ७४. मग मशीन शटडाऊन केलं आणि बटण तसंच चालू ठेवलं तरी ४ वॉट चालूच. मी तो आकडा बघत बसले होते, आमचे नाना (शिपाई आहेत, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलीत) म्हणाले, "ताई, बंद करं तरी खाई राहिना का हाऊ?" हो नाना, बंद करूनही खातोय.

आता हिशोब बघा. एक टॉवर रात्री चालू राहिला की संध्याकाळी सव्वासहापासून सकाळपर्यंत सव्वा युनिट जातं. शुक्रवारी संध्याकाळी कोणी बंद न करता बसस्टॅंडकडे पळालं की सोमवार सकाळपर्यंत पाच युनिट. आणि आमच्याकडे दोन-तीन मशीनं कायम अशीच राहायची कारण "चालू व्हायला वेळ लागतो, राहू दे". आमचं बिल सगळे आकार धरून युनिटला दहा रुपयाच्या आसपास पडतं. ही रक्कम छोटी वाटते पण आठ मशीनं, बारा महिने, आणि तालुक्यात अशी ऑफिसं किती आहेत ते मोजा.

नवीन मिनी पीसीचा आकडा: पत्र टाईप करताना ११ वॉट, मॉनिटर १६, दोन्ही मिळून २७. मोठी एक्सेल शीट उघडली किंवा व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स) चालू असली की ३५-४० पर्यंत जातो आणि परत खाली येतो. स्लीपमधे दोन्ही मिळून २ वॉटसुद्धा नाही. म्हणजे आधी जिथे ८० जात होते तिथे आता २७. आठ मशीनांचे सव्वाचारशे वॉट वाचले, आठ तास चालली तर दिवसाला साडेतीन युनिटच्या जवळ, पाच दिवसांचा आठवडा आणि सुट्ट्या सोडून २४० दिवस धरले तर वर्षाला आठशे युनिटच्या वर. म्हणजे आठेक हजार रुपये. मशीनमागे वर्षाला हजार रुपये. रात्री चालू राहायची ती वेगळी.

पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. हा फरक जुन्या आणि नव्यातला आहे, टॉवर आणि मिनीतला नाही. माझी बहीण धुळ्याला एका शाळेत आहे, त्यांनी त्याच वर्षी नवीन टॉवर घेतले, मी वॉट मीटर घेऊन गेले आणि तिथे मोजलं तर मॉनिटर सोडून २८ आला. माझा मिनी ११. फरक १७ वॉट, म्हणजे वर्षाला तेहेतीस युनिट, सव्वातीनशे रुपये. आणि माझा मिनी त्या टॉवरपेक्षा अडीच हजारांनी महाग पडला होता. नुसत्या बिलावर बघितलं तर तो वरचा पैसा निघायला साडेसात वर्षं लागतील. म्हणून कोणी तुम्हाला सांगत असेल की मिनी पीसी घ्या, विजेतच पैसे वसूल, तर तसं नाहीये, आधीचं मशीन किती जुनं आहे त्यावर सगळं आहे.

मग मी मिनीच्या बाजूने का, तर लाईट आणि गरमी.

लाईटचं आधी सांगते. आमच्या साईडला वादळी पाऊस आला की लाईट गेलीच, मे-जूनमधे तर दुपारी चारनंतर आभाळ भरून आलं की आम्ही आधी सेव्ह मारतो. प्रत्येक टेबलाला ६०० व्हीएचा साधा यूपीएस आहे, आत १२ व्होल्टची ७ एएचची बॅटरी. जुन्या टॉवरवर हा यूपीएस दहा-बारा मिनिटं काढायचा आणि बॅटरी जुनी झाली की दोन मिनिटात टीं टीं करून बंद. तीच यूपीएस, नवीन बॅटरी टाकलेली, मिनी पीसीवर चाळीस मिनिटं चालली. मी घड्याळ लावून बघितलंय. चाळीस मिनिटात बहुतेक वेळा लाईट परत येते. नाही आली तरी समोर उभ्या असलेल्या माणसाचा दाखला निघून जातो. जो माणूस वीस किलोमीटरवरून एसटीने आलाय, मजुरी बुडवून आलाय, त्याला "लाईट गेली, उद्या या" म्हणायची वेळ येत नाही, हे माझ्यासाठी त्या सव्वातीनशे रुपयांपेक्षा खूप मोठं आहे.

आता गरमी. जळगाव-भुसावळकडच्या लोकांना मे महिना काय असतो हे सांगायची गरज नाही, पारा ४४-४५ ला जातो. आमचा हॉल वरच्या मजल्यावर, वर स्लॅब तापलेला, दोन कूलर. मशीन जेवढी वीज खातं ती सगळी शेवटी गरमी होऊनच खोलीत येते, दुसरं कुठे जाणार. सव्वाचारशे वॉट कमी झाले म्हणजे हॉलमधून चार माणसं उठून गेल्यासारखं, कारण बसलेला माणूस साधारण शंभर वॉट गरमी देतो. आधी टेबलाखाली पाय लांब केले की एसएमपीएसच्या (टॉवरमधे वीज पुरवणारी आतली पेटी) पंख्याची गरम हवा पायावर यायची, दुपारी तर साडीचा काठ गरम लागायचा. आता तिथे काहीच नाही. पहिल्या आठवड्यात नाना डब्याला हात लावून बघायचे आणि विचारायचे, "ताई, हाऊ डबा चालू शे का बंद शे?" आवाज नाही, गरम नाही, म्हणून त्यांना खात्री वाटायची नाही. पंखा आहे आत, लहान आहे, भर दुपारी थोडा ऐकू येतो.

आता खरेदीबद्दल, कारण खरी गंमत... नाही, खरं काम तिथेच आहे. आपल्याकडे एल-वन, म्हणजे अटीत बसणाऱ्यात सगळ्यात कमी दर त्याला ऑर्डर. हे चुकीचं नाही, सरकारी पैसा आहे. पण अटीत विजेचं काहीच लिहिलं नाही तर जो स्वस्त तो येणार, मग तो किती वॉट खातो हे कोणी विचारत नाही. आणि मशीनचा पैसा जातो संगणक खर्चातून, बिल जातं दूरध्वनी-वीज-पाणी मधून, दोन वेगळी शीर्षं, म्हणून इथे दोन हजार वाचवले तर ते दिसतात आणि तिथे पाच वर्षं जास्त गेले तर ते कुणाला दिसत नाहीत. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत, नियम १७३ मधे, स्पष्ट लिहिलंय की अधिसूचित विजेची उपकरणं घेताना बीईईचं (केंद्राची वीज बचतीचं काम बघणारी संस्था) ठरवून दिलेलं स्टार रेटिंग पाहिजे. पण त्यात येतात एसी, फ्रीज, पंखे, गिझर असल्या वस्तू. कॉम्प्युटरला ते लागू नाही. लॅपटॉपला बीईईचं लेबल आहे पण ते ऐच्छिक. म्हणजे आमच्या ऑफिसात पंखा घेताना स्टार बघायची सवय आहे आणि दिवसभर चालणारं मशीन घेताना कोणी मागची चिठ्ठीसुद्धा वाचत नाही.

अमेरिकेत हे फार आधी झालंय. तिथल्या पर्यावरण खात्याने १९९२ मधे एनर्जी स्टार हे कमी वीज खाणाऱ्या मालाचं लेबल सुरू केलं ते कॉम्प्युटर आणि मॉनिटरपासूनच, अट एवढीच की काम नसताना मशीन ३० वॉटच्या खाली झोपलं पाहिजे. लेबल ऐच्छिक होतं. पण १९९३ मधे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश काढला की सरकारी खात्यांनी कॉम्प्युटर, मॉनिटर, प्रिंटर घेताना हे लेबल असलेलेच घ्यायचे, आणि एवढं मोठं गिऱ्हाईक मागतंय म्हटल्यावर कंपन्यांनी बहुतेक माल तसा बनवायला घेतला. २००१ मधे बुश यांचा आदेश आला की स्टॅंडबायमधे एक वॉटपर्यंतच खाणारी उपकरणं घ्या. आज आपल्या मशीनला स्लीप नावाची जी गोष्ट आहे ती घराघरात पोचायला या खरेदीचा मोठा हात आहे. आपल्याकडे एलईडी बल्बचं तेच झालं ना, २०१४ मधे सरकारी खरेदीचा दर ३१० रुपये होता, ठोक खरेदी करत करत दोन-तीन वर्षात ४० च्या खाली आला. मग कॉम्प्युटरला का नको? महाराष्ट्रात ऑफिसं थोडी आहेत का?

आम्ही बिडच्या (जेमवरच्या निविदेच्या) एटीसीत, म्हणजे खरेदीदाराच्या जादा अटींत, चार ओळी टाकल्या. पहिल्यांदा मी नुसतं "एनर्जी स्टार" लिहिलं होतं, साहेबांनी बरोबर पकडलं, कारण जेमच्या अटीत नुसतं परदेशी सर्टिफिकेट मागता येत नाही, समकक्ष लिहावं लागतं, नाहीतर बिडच अडचणीत येते. मग "एनर्जी स्टार किंवा समकक्ष" केलं. तरी एका विक्रेत्याचं रिप्रेझेंटेशन (लेखी हरकत) आलं की ही अट स्पर्धा कमी करते, काढून टाका. साहेब म्हणाले, ताई उत्तर तुम्हीच लिहा. मी तीन-चार कंपन्यांची मॉडेलं शोधून लिहिलं की एवढी मॉडेलं अटीत बसतात, स्पर्धा कमी होत नाही. बिड तशीच राहिली, पाच जण आले, टेक्निकलमधे चार पास झाले.

माल आला तेव्हाची गोष्ट जरा नीट वाचा कारण ही कोणाच्याही बाबतीत होईल. विक्रेत्याचं नाव घेत नाही. खोकी आठ, मॉनिटर आठ, चलन बरोबर, पीआरसी (माल मिळाल्याची तात्पुरती पावती) दिली. त्यानंतर सीआरएसी (माल तपासून स्वीकारल्याचा दाखला) द्यायला दहा दिवस असतात, मोजायचं-तपासायचं ते याच दिवसांत, पण मार्चएन्डच्या गडबडीत बहुतेक जण पहिल्याच दिवशी मारून मोकळे होतात. मी एकेक मॉनिटर उलटा करून मागची चिठ्ठी वाचली. पाचवर बिडमधलं मॉडेल, तीनवर दुसरंच, जुनं. दिसायला सेम टू सेम. वॉट मीटरला लावले तर पाच जण १६ दाखवतात आणि हे तीन २४-२५. फोन केला तर पलीकडून, "मॅडम साईज तर तीच आहे ना, काय फरक पडतो." मी म्हटलं सीआरएसी पाच मॉनिटरची देते, तीन रिजेक्ट. बारा दिवसात बदलून आले. चिठ्ठीचे फोटो काढून ठेवा, भांडण करावं लागत नाही.

आणि दुसरं, इन्स्टॉलेशनला जो मुलगा आला होता त्याने सगळ्या मशीनांत पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स आणि स्लीप "नेव्हर" करून ठेवला. का रे बाबा, तर म्हणे स्लीपमधून उठताना नेट जातं अशी कंप्लेंट येते म्हणून आम्ही सगळीकडे असंच करतो. पोरगा चांगला होता, त्याचा दोष नाही, त्याला तेच शिकवलंय. पण मग कमी वॉटचं मशीन घेऊन उपयोग काय? स्क्रीन १५ मिनिटांत आणि मशीन ३० मिनिटांत झोपलं पाहिजे हे एनर्जी स्टारच्या अटीतच आहे, कंपनीतून मशीन तसं सेट होऊनच येतं आणि आपणच ते बंद करतो. मी आठही मशीनांवर स्क्रीन ५ मिनिटं आणि स्लीप १५ केलं. नेट जायची कंप्लेंट दोन मशीनांवर आली, नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर अपडेट केला, गेली.

नावडलेलं पण लिहिते. अडॅप्टर बाहेर असतो, लॅपटॉपसारखा, टेबलाखाली लोंबकळतो आणि झाडू मारताना निघतो. जूनच्या एका वादळात एक अडॅप्टर जळाला, वॉरंटी होती पण नवीन यायला नऊ दिवस लागले, नऊ दिवस एक टेबल बंद. टॉवरचा एसएमपीएस जळला असता तर जळगावहून त्याच दिवशी बसवून आणला असता. आता आम्ही एक अडॅप्टर जादा घेऊन ठेवलाय, पुढच्या बिडमधे आठला दोन जादा असंच लिहीन. जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर लागत नाही, मागे ते मोठं पोर्टच नाही. डीव्हीडी नाही. डबा एवढा लहान की पिशवीत घालून कोणीही नेईल, म्हणून मॉनिटरच्या मागे स्क्रूने बसवले, पण मग चालू करायचं बटण मागे जातं आणि आमच्या मोठ्या मॅडमना रोज चाचपडावं लागायचं, त्यांचा परत टेबलावर आणून साखळीने लॉक केला. बाकी रॅम ८ जीबी आहे ती आज पुरते, दोन-तीन वर्षांनी पुरणार नाही असं वाटतं, १६ घ्यायला पाहिजे होती. जागा आहे, नंतर टाकता येईल.

ज्यांना टॉवरच घ्यायचाय, नियमामुळे किंवा प्रिंटरमुळे, त्यांनी निदान एसएमपीएस ८० प्लसचा मागा, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेतली ८० टक्के किंवा जास्त आत पोचते, आणि हार्ड डिस्कऐवजी एसएसडी.

प्रिंटरबद्दल थोडं. आमचा जुना झेरॉक्सवाला मल्टीफंक्शन नुसता रेडी म्हणून उभा असताना ४५-५० वॉट खातो, प्रिंट काढताना तर साडेचारशे-पाचशेला जातो कारण आतला रोलर तापवावा लागतो. नवीन घ्यायला पैसे नव्हते, मेनूत जाऊन स्लीप एका तासावरून पाच मिनिटांवर आणला, ३-४ वॉटवर येऊन बसला. फुकटात झालं. तुमच्याकडे मल्टीफंक्शन असेल तर आज जाऊन हे एवढं करा.

जुने आठ टॉवर सध्या रेकॉर्ड रूममधे आहेत, प्लग काढून. डेड स्टॉकला नोंद आहे, निर्लेखनाचा (नोंदीतून कमी करायचा) प्रस्ताव गेलाय, मंजूर झाला की ई-वेस्टच्या नोंदणीकृत रिसायकलरकडे द्यायचे. दोन भंगारवाले विचारून गेले, त्यांना देता येत नाही आणि देऊ पण नये, ते तारा जाळून तांबं काढतात आणि तो धूर गल्लीतली पोरं खातात.

एकूण मी या मशीनांना पाचपैकी चार देईन, एक कापला तो अडॅप्टर आणि सर्व्हिसला. एटीसीत आम्ही जे लिहिलं ते जसंच्या तसं देते, कोणाला कामी येईल:

"संगणक व मॉनिटर एनर्जी स्टार किंवा समकक्ष मानांकनाचे असावेत. निष्क्रिय व स्लीप अवस्थेतील वीजवापर (वॉटमध्ये) उत्पादकाच्या माहितीपत्रकासह नमूद करावा. स्लीप व स्क्रीन बंद होण्याची उत्पादकाने दिलेली सेटिंग इन्स्टॉलेशनवेळी बदलू नये. पुरवठा केलेल्या प्रत्येक नगाचे मॉडेल बिडमधील मॉडेलशी जुळणे आवश्यक, तपासणी स्वीकृतीपूर्वी मोजमाप करून केली जाईल."

वॉट मीटर सध्या माझ्याकडे नाहीये, चोपड्याच्या एका ताईंनी नेलाय, त्यांच्या ऑफिसात बारा टॉवर आहेत आणि त्यांची खरेदी यावर्षी आहे. त्यांचे आकडे आले की इथेच खाली टाकते.